सगळं हिरवं न्हाय

सातवीच्या वर्गात "कळलं का?" असं विचारलं की सगळी पोरं एका सुरात "व्हय टीचर" म्हणायची, आणि त्रिशला मगदूमला नेमकी त्या सुराचीच चीड यायची. तो सूर पोरं पहिलीपासून घोटून आलेली होती. कळलेल्याचा आणि न कळलेल्याचा आवाज त्यात एकच. पुढं पेपर हातात आले की खरं काय ते दिसायचं, पण तोवर धडा केव्हाच मागं पडलेला असायचा.

शाळा बेळगावच्या विमानतळाजवळच्या सांब्र्याच्या पलीकडच्या एका गावातली. कर्नाटक सरकारची, पण मराठी माध्यमाची. डोक्यावरून विमान गेलं की पोरांच्या माना खिडकीकडं वळायच्या आणि फळ्यावरचं गणित तिथंच लटकून राहायचं. त्रिशला रोज शहरातल्या अनगोळहून स्कूटीवरून यायची. माहेर निपाणीचं, घरात मराठी आणि कानडी दोन्ही, त्यामुळं वर पाठवायचा कुठलाही कागद असला की मुख्याध्यापक मारुतीराव सर तिलाच हाक मारायचे. एरवी ते तिच्या वाटेला जायचे नाहीत. बाई प्रश्न फार विचारते, असं त्यांचं मत होतं.

त्या वर्षी शाळेला स्मार्ट बोर्ड मिळाला. टेम्पोतून आला, गावातल्या चार बाप्यांनी धरून उतरवला, नारळ फुटला, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी मारुतीराव सरांनी तो आपल्या ऑफिसातल्या भिंतीला लावून घेतला आणि वर एक फुलाफुलांची चादर टाकली. पोरं खिडकीतून डोकावून चादर बघून जायची.

"सर, वर्गात लावूया की तो," त्रिशला म्हणाली.

"आणि पोरांनी चेंडू हाणला मग? वरनं कोण बघाय आलं तर फुटका दाखवू?"

"आता आलं तर काय दाखवणार? चादर?"

सरांनी चादरीचं टोक सारखं केलं. त्रिशलानं दोन-तीनदा पुन्हा विचारून पाहिलं. मग एके दिवशी प्रार्थना झाल्यावर तिनं अख्खी सातवी उठवली, ओळीनं ऑफिसात नेली आणि सरांच्या टेबलाभोवती जमिनीवर बसवली. सर खुर्चीत, हातात चहाचा कप, आणि पायाशी पोरंच पोरं.

"हे काय मॅडम?"

"बोर्ड वर्गात येत नसेल तर वर्ग बोर्डाकडं येणार सर. तुम्ही तुमचं काम करा. आम्ही आमचं करतो."

पुढचे काही दिवस मारुतीराव सर फोनवर बोलायला व्हरांड्यात, सह्या करायला व्हरांड्यात आणि डबा खायलाही व्हरांड्यातच. आठवडा सरायच्या आत त्यांनी स्वतःच माणूस बोलावून बोर्ड सातवीच्या भिंतीवर हलवला. वर इतकंच म्हणाले, "चेंडू लागला तर मी बघून घीन."

बोर्ड आला खरा, पण त्यानं मोठं काही घडलं नाही. त्यातले धडे एकतर कानडीत नाहीतर इंग्रजीत. पोरांना कानडी येत नव्हतं असं नाही, बाजारात, बसमध्ये ती धडाधड बोलायची. पण अपूर्णांक कानडीत कळायला आधी ते मराठीत तरी कळायला हवे होते. चित्रं हलायची, पोरं तोंड उघडून बघायची, आणि शेवटी त्रिशलानं "कळलं का?" विचारलं की उत्तर यायचं, "व्हय टीचर!" आता तर जास्तच जोरात.

मग बेळगावात एका प्रशिक्षणात तिनं ती कार्डं पाहिली. कागदाचीच, साधी. प्रत्येकावर काळ्या-पांढऱ्या चौकटींची एक वेडीवाकडी खूण आणि चार बाजूंना बारीक अक्षरात अ, ब, क, ड. पोरानं आपल्याला वाटतं ते अक्षर वरच्या बाजूला येईल असं कार्ड धरायचं. शिक्षकानं मोबाइलचा कॅमेरा वर्गावरून फिरवायचा. मोबाइल खुणा वाचतो आणि बोर्डावर पट्टे उभे राहतात, बरोबरचा हिरवा, चुकीचे लाल. प्रत्येक कार्डाची खूण वेगळी, म्हणून शेजाऱ्याचं बघून धरावं तर तेही साधत नाही. कोण चुकलं हे फक्त शिक्षकाच्या मोबाइलवर दिसतं. बोर्डावर नाव येत नाही.

त्रिशलानं घरीच कार्डं छापली, पुठ्ठ्यावर चिकटवली आणि दुसऱ्या दिवशी वर्गात वाटली. अपूर्णांक शिकवून झालेले होते. सगळ्यांना "कळलेले" होते. तिनं अगदी सोपा प्रश्न टाकला: एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश, यातला मोठा कोणता?

कार्डं वर झाली. तिनं मोबाइल फिरवला. बोर्डावर एक लाल पट्टा चढत चढत वरच्या कडेला जाऊन टेकला. शेजारी बोटभर हिरवं.

चार हा तिनापेक्षा मोठा, म्हणून चतुर्थांश मोठा, असं जवळजवळ सगळ्यांनी धरलं होतं. मागच्या बाकावरचा विक्रम, ज्याच्या तोंडाला कुलूप कधीच नसायचं, तो ओरडला, "टीचर, समदा वर्गच ढ हाय की वो!" आणि पोरं फिदीफिदी हसली.

त्रिशलानं प्रश्न पुन्हा एकदा वाचून पाहिला. इतके दिवस घसा फोडून शिकवलं त्याचं हे. पण थोड्या वेळानं, खडू हातात घेताना, तिला वेगळंच काहीतरी वाटायला लागलं. ही पोरं आज पहिल्यांदा तिच्याशी खरं बोलली होती.

तेव्हापासून रोज कार्डं निघायची. मोबाइल फिरायला लागला की विक्रम शेवटच्या क्षणापर्यंत कार्ड गरागरा फिरवत बसायचा. आणि दिपाली. दिपाली कोपऱ्यात बसायची, वर्षभरात तिनं आपणहून तोंड उघडलेलं कुणाला आठवत नव्हतं. ती रोज कार्ड धरायची. बहुतेक वेळा चुकायची, पण धरायची. एकदा मधल्या सुट्टीत ती टेबलाजवळ येऊन उभी राहिली.

"टीचर, मी चुकल्याली कुनाला कळत न्हाय न्हवं?"

"न्हाय. फक्त मला."

"मग चालतंय," दिपाली म्हणाली आणि निघून गेली.

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली, आणि एक दिवस मारुतीराव सर वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी उत्साह होता.

"मॅडम, तालुक्याचे साहेब येणार हाईत. स्मार्ट बोर्ड चांगला वापरणारी एक शाळा निवडणार. आदर्श शाळा म्हणून. मी आपलं नाव दिलंय."

"चांगलं केलंत."

"चांगलं काय, गरज हाय ती." त्यांनी आवाज खाली आणला. "पट कमी झालाय आपला. पलीकडच्या गावच्या शाळेत आपली शाळा मिळवून टाकायचं वर बोलणं चालू हाय. आदर्श म्हणून नाव लागलं तर कोण हात लावणार न्हाय. साहेब आले की बोर्ड कसा हिरवागार दिसला पायजे. शेतागत."

"पोरांना येईल तेवढा हिरवा दिसेल सर."

"तसं नगं मॅडम. एक दिवसाचा प्रश्न हाय."

"एक दिवस खोटं दाखवायचं, तर रोजचं खरं कशाला विचारायचं?"

सर जायला वळले, पुन्हा थांबले. मग म्हणाले, "बरं. प्रश्न तरी द्या, एकदा नजरेखालनं घालतो." यात गैर काही नव्हतं. तिनं दिले. तपासणीच्या आदल्या दिवशी त्यांनी तिला एका बैठकीसाठी बेळगावला पाठवलं. तीही गेली. मनात शंका आली नाही.

साहेब आले ते जीपमधून, सोबत एक कारकून. उंच, नीटनेटके, कानडी वळणाचं पण स्वच्छ मराठी बोलणारे. दारात रांगोळी, हातात गुलाब. शाळा समितीचा अध्यक्ष भावकू पांढरं धोतर नेसून हजर. मारुतीराव सर साहेबांच्या मागं दाराला टेकून उभे राहिले, पोरांकडं तोंड करून.

त्रिशलानं पहिला प्रश्न बोर्डावर आणला. तोच, तृतीयांश आणि चतुर्थांशाचा, कारण त्याच्यावर तिनं पुन्हा पुन्हा मेहनत घेतली होती आणि आता निम्म्याअधिक पोरांना तो जमायला लागला होता. तिनं वाचायला सुरुवात केली आणि वाक्य पुरं व्हायच्या आत कार्डं वर गेली. सगळी. एकदम. कवायतीत हात जातात तशी.

तिनं मोबाइल फिरवला. बोर्डावर एकच पट्टा, हिरवा, वरपासून खालपर्यंत.

"शाब्बास!" साहेब म्हणाले, आणि आपला मोबाइल काढून त्यांनी फोटो घेतला. भावकूनं टाळी वाजवली. दाराशी मारुतीराव सरांच्या चेहऱ्यावर घाम आणि हसू दोन्ही होतं.

त्रिशलाचं लक्ष विक्रमकडं गेलं. विक्रमनं कार्ड फिरवलं नव्हतं. छातीशी घट्ट, सरळ धरलं होतं. दिपालीचंही बरोबर होतं, पण ती जमिनीकडं बघत होती. दुसरा प्रश्न बोर्डावर आला. त्रिशलानं तो वाचलाच नाही. तरी कार्डं वर गेली. सगळ्यांची ड.

तिला सगळं कळून चुकलं. काल आपल्याला बेळगावला का पाठवलं, प्रश्न कशाला मागितले, सगळं. पाहुण्यांसमोर गप्प बसून पुढं रेटणं सोपं होतं. फोटो निघाला होता, साहेब खूश होते, शाळा वाचणार होती. तिनं पोरांकडं पाहिलं. एवढ्या महिन्यांत खरं बोलायला शिकलेला वर्ग एका दुपारीत पुन्हा "व्हय टीचर" म्हणायला लागला होता, तोंड न उघडता.

तिनं मोबाइल टेबलावर ठेवला.

"साहेब, माफ करा. हे खरं न्हाय."

"एनु मॅडम?" साहेबांना नीट ऐकू आलं नसावं. "काय म्हणालात?"

"पोरांनी उत्तरांची अक्षरं पाठ केलीत. गणित न्हाय."

साहेबांनी पहिल्या बाकावरच्या पोराकडं बोट केलं. "ए, कोणी सांगितलं तुला?"

पोरगं रडकुंडीला आलं. त्रिशला दोन पावलं पुढं होऊन त्याच्या आणि साहेबांच्या मध्ये उभी राहिली.

"पोरांना विचारू नका साहेब. वर्ग माझा हाय, मला विचारा. आणि तुम्ही बघायला आलाय तर खरंच बघून जावा." ती वळली. "पोरांनो, कार्डं खाली. मी उत्तरांच्या जागा बदलणार आहे, सांगून बदलणार आहे. काल काय शिकवलं ते विसरा. ज्याला जे वाटतं ते धरा. चुकलं तरी चालतंय, रोज चुकताय की."

प्रश्न पुन्हा आला. एकही कार्ड हललं नाही. सगळी पोरं दाराकडं बघत होती, मारुतीराव सरांकडं. सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्रिशलाला वाटायला लागलं की आता हे संपलं, आपण हरलो.

कोपऱ्यातून एक कार्ड वर आलं. दिपालीचं.

"मला वाटतंय ते धरलंय टीचर," ती म्हणाली. सगळ्या वर्गाला ऐकू गेलं. "बरोबर हाय का न्हाय ते म्हाईत न्हाय."

मग विक्रमनं आपलं कार्ड एकदा गरकन फिरवलं आणि वर केलं. मग बाकीची. बोर्डावर हिरवं निम्म्यापर्यंत येऊन थांबलं आणि लाल पट्टा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला.

"आता शिकवते," त्रिशला म्हणाली. "विक्रम, दप्तरात ऊस हाय तुझ्या. काढ. नसल्यासारखं तोंड करू नको."

विक्रमनं दोन कांडी काढली. तिनं ती एकाला एक लावून सारख्या लांबीची करून घेतली, एकावर खडूनं खुणा करून तीन सारखे भाग पाडले, दुसऱ्यावर चार. दोन्ही शेजारी शेजारी धरून मोबाइल समोर नेला तशी ती बोर्डावर मोठी होऊन दिसली, पेरांवरच्या डोळ्यांसकट.

"बोल, तिनांतला एक भाग पायजे का चारांतला एक?"

"तिनांतला," विक्रम चटकन म्हणाला.

"का? चार मोठा हाय की."

"चार मोठा असंल, पन वाटेकरी बी चार झालं न्हवं! माझ्या वाट्याला एवढुशी चिंगळी यील."

वर्ग हसला. कारकून हसला. भावकू मात्र हसला नाही. तिसऱ्यांदा कार्डं वर गेली तेव्हा हिरवा पट्टा चढला. वरपर्यंत गेला नाही. थोडं लाल राहिलंच.

साहेबांनी घड्याळ पाहिलं. व्हरांड्यात आल्यावर ते त्रिशलाला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही हुशार आहात. पण मला वर काय पाठवायचं? पहिला फोटो मी काढलेला आहे. तोच पाठवतो. तुमच्या शाळेचंच भलं होईल."

"तो पाठवलात तर मोबाइलातला दुसरा निकाल मी पाठवणार साहेब. माझ्या सहीनं. आणि दोन्हीच्या मधलं काय झालं तेही लिहिणार."

"धमकी देताय?"

"न्हाय. सांगून ठेवतेय."

साहेबांनी गुलाब तिथंच कठड्यावर ठेवला आणि जीपमध्ये बसले.

जीप गेल्यावर मारुतीराव सर तिच्यासमोर येऊन उभे राहिले. तिला वाटलं ओरडतील. ते ओरडले नाहीत. "मी आता निवृत्तीला आलोय मॅडम," ते म्हणाले. "मी शाळा मोडली असं गाव म्हणणार, तुम्ही न्हाय. माझ्या बापानं ह्या शाळेच्या पायाला दगड वाहिल्यात." त्यांचे डोळे भरले होते. त्रिशलाला वाईट वाटलं, खरोखर वाटलं. पण "चुकलं माझं" हे शब्द काही तिच्या तोंडून निघाले नाहीत, कारण ते तिला पटत नव्हते.

आदर्श शाळेचा मान दुसऱ्या गावाला गेला. त्रिशलाला मेमो आला: अधिकाऱ्यांसमोर अनुचित वर्तन केल्याबद्दल खुलासा करावा. आणि पाठोपाठ भावकूनं शाळेत पालकांची सभा बोलावली.

सभा सातवीच्या वर्गातच भरली. बापे पुढं बाकांवर, बायका मागं भिंतीला टेकून खाली. मारुतीराव सर टेबलाशी बसले. भावकूच बोलला. त्याचा आवाज मुळातच मोठा.

"मगदूम मॅडम, तुमी शिकिवता, न्हाय म्हनत न्हाय. पन परगावच्या मानसासमोर आमच्या पोरांची अब्रू काढलीसा. हातात आलता मान, घालिवलासा. उद्या शाळा मोडली तर आमची पोरं चालत जानार पलीकडच्या गावाला, तुमी न्हाय. ही कार्डं-फिर्डं बंद करा. पयल्यागत शिकवा."

"व्हय, व्हय," पुढच्या बाकांवरून आवाज आले.

त्रिशला उभी राहिली. "आप्पा, शाळा राहावी असं मलाही वाटतं. पण शाळा राहावी म्हणून पोरांनी खोटं शिकायचं असेल, तर ती राहून करायचं काय? तुमची पोरं हुशार हाईत. हुशार हाईत म्हणूनच एका दुपारीत तेवढी अक्षरं पाठ झाली. तेवढ्याच वेळात गणित आलं असतं."

"ते भाषान ऱ्हाऊ दे. हात वर करा रं," भावकू मागं वळून म्हणाला. "कार्डं बंद करावी असं कुनाकुनाला वाटतंय?"

पुढच्या बाकांवरचे बहुतेक सगळे हात वर गेले. मागं बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कुणी हात केला, कुणी पदर सारखा केला.

"झालं," भावकू म्हणाला.

"न्हाय झालं," त्रिशला म्हणाली. "गाव ठरवेल ते मी ऐकेन. पण हातानं न्हाय. पोरं ठरवतात तसं ठरवा."

तिनं कार्डांचा गठ्ठा चांगला पिसला आणि ज्याच्या हाताला जे येईल ते वाटत शेवटच्या बाईपर्यंत गेली. बोर्डावर प्रश्न लिहिला: कार्डं वर्गात चालू ठेवायची का? ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी मोठ्यानं सांगितलं. चालू ठेवायची तर ही बाजू वर, बंद करायची तर ती. क आणि ड धरायचंच नाही. कुठलं कार्ड कुणाकडं आहे हे मलाही माहीत नाही.

"ह्यो काय पोरखेळ?" भावकू म्हणाला. पण त्यानंही कार्ड धरलं.

त्रिशलानं मोबाइल फिरवला, सावकाश, पुढच्या बाकांवरून मागच्या भिंतीपर्यंत. बोर्डावर दोन पट्टे उभे राहिले. "बंद"चा गुडघ्याएवढा वाढून थांबला. "चालू"चा त्याला मागं टाकून वर, आणखी वर गेला.

भावकू बोर्डाकडं बघत राहिला, मग मागं वळून माणसांकडं. "ही कशी भानगड झाली? आत्ता तर हात वर हुते की रं समद्यांचे."

मग मागच्या भिंतीजवळून दिपालीची आई जयाबाई बोलली. ती आजवर कुठल्या सभेत बोलली नव्हती.

"हात समद्यास्नी दिसतोय भावकू आप्पा. कार्ड दिसत न्हाय." ती उभी राहिली. "माझी पोरगी घरात येऊन म्हनती, आज मी चुकलो, पन कशापायी चुकलो ते कळलं. आदी तिला कायबी कळायचं न्हाय आन् मला वाटायचं लई शिकायल्या. मला म्हाईत असल्यालं बरं."

ती बसली. बाजूच्या बाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

भावकूनं आपलं कार्ड टेबलावर टाकलं. "ठरलं ते ठरलं," तो म्हणाला, चांगलाच रागात. "आता गावानंच ठरिवलंय तर साहेबास्नी बी गावच सांगील. मॅडमच्या मेमोला आमचं बी एक पत्र जोडा." त्याला राग नेमका कुणाचा आला होता हे कळायला मार्ग नव्हता, पण पत्रावर पहिली सही त्यानंच केली. मारुतीराव सरांनी केली नाही. ते उठून वर्गाच्या खिडक्या लावायला लागले.

घरी कुमार म्हणाला, "माफी मागून मोकळी हो. दोन ओळींत संपतंय." कुमार तिचा नवरा, स्वभावानं गरीब, भांडणाच्या वाऱ्यालाही न उभा राहणारा.

"चूक सांग, मग मागते," त्रिशला म्हणाली.

तिनं खुलासा कानडीत लिहिला, म्हणजे कुणाला भाषांतराची सबब नको: त्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं, सरांचं नाव न घेता, आणि शेवटी, असं पुन्हा घडलं तर मी पुन्हा हेच करीन. त्या खुलाशाला कधी उत्तर आलं नाही. मेमो तिच्या फाइलीत राहिला. शाळा त्या वर्षी मोडली नाही. का, ते कुणी सांगितलं नाही, आणि पुढच्या वर्षी मोडणार नाही असंही कुणी म्हटलं नाही. मारुतीराव सर निवृत्त झाले, निरोपाच्या दिवशी तिच्याशी कामापुरतं बोलले आणि गेले.

नव्या वर्षात तालुक्यातल्या स्मार्ट बोर्डाच्या शाळांचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप निघाला. रोज आपल्या वर्गाचा निकाल तिथं टाकायचा, असा वरून आदेश. रोज संध्याकाळी हिरव्या पट्ट्यांची रांग लागायची, खाली टाळ्या, गुलाब, अंगठे. एकाही शाळेत एकही पोर चुकत नव्हतं.

त्रिशलानं पहिल्या दिवशी आपला टाकला. निम्मा लाल. खाली लिहिलं, "दशांश अपूर्णांक. अजून जमलेले नाहीत. उद्या परत." एकही अंगठा आला नाही. दुसऱ्या दिवशी टाकला, तिसऱ्या दिवशी टाकला. कुणीतरी सुचवलं, मॅडम, चांगलेच निकाल टाकावेत. तिनं चौथ्या दिवशी आणखी लाल टाकला.

त्या आठवड्यात खानापूरकडच्या एका शाळेतून दीप्ती नावाच्या शिक्षिकेचा फोन आला. ओळख नव्हती. आवाज तरुण, दबका.

"आक्का, एक सांगू? आमच्या वर्गाचंबी असंच हाय. तुमच्यापरीसबी लाल."

"मग टाक की."

"भ्या वाटतंय वो. साहेब ग्रुपमध्ये हाईत."

"हाईत म्हणूनच टाकायचं."

त्रिशला फोन कानाला लावून अनगोळच्या घराच्या पायरीवर बसून राहिली. तिनं फोन ठेवायची घाई केली नाही.

"आक्का, एकटी पडले तर?"

"माझ्या खालीच टाक," त्रिशला म्हणाली. "मी आत्ता माझा टाकते. मग तुझा. दोघी हाय म्हटल्यावर एकटी कशी?"